मान लुळी हवी

नर्सिंग शाळेच्या भांडारात कुणी काही मागायला गेलं की आतून आधी ‘नाही’ यायचं आणि मग बाई यायच्या. बँडेजचा गठ्ठा हवाय? नाही. थर्मामीटर फुटलं, दुसरं द्या. नाही. मग चष्म्यावरून रोखून बघत उलटतपासणी सुरू व्हायची. फोडलं कुणी, कसं, तुकडे कुठे आहेत, तेव्हा लक्ष कुठे होतं? शेवटी थर्मामीटर मिळायचंच, पण तोवर मागणारीच्या डोळ्यांत पाणी आलेलं असायचं. कधीकाळच्या कुठल्याशा बॅचनं त्यांचं नाव ‘नाहीबाई’ ठेवलं आणि ते एकतीस वर्षं टिकलं. त्यांच्या कानावर ते पहिल्याच आठवड्यात गेलं होतं. त्यांनी ना हरकत घेतली, ना कधी हसून घेतलं.

लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या, सकाळी आठला भांडार उघडायच्या, पाचला बंद करायच्या. तिथल्या चादरी, पट्ट्या, बेडपॅन यांच्यावर त्यांची नजर होती, पण जीव होता तो सात कापडी बाळांवर.

ही बाळं दारासमोरच्या फळीवर एका ओळीत निजलेली असत. शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या मुख्य परिचारिकेनं ती एका शिंपिणीकडून शिवून घेतली होती. बनियनला असतं तसलं ताणणारं कापड थरावर थर सरसानं चिकटवून केलेली डोकी, त्यांवर तैलरंगात रंगवलेले चेहरे, कपाळावर ब्रशनं एकेक ओढलेलं जावळ. अंग जाड सुती कापडाचं. आत कापूस आणि लाकडाचा भुसा, बुडाशी वाळूची पुरचुंडी. तराजूत टाकलं तर प्रत्येक बाळ तीन किलोच्या आसपास भरे. तळपायांवर शाईनं एक ते सात आकडे. आणि मान मात्र लुळी. मानेत त्या शिंपिणीनं काहीच भरलं नव्हतं, नुसती पट्टी शिवली होती. डोक्याखाली हात घातला नाही की डोकं भप्पकन मागे पडायचं. बाळ कसं उचलायचं, कसं न्हाऊ घालायचं, कसं गुंडाळायचं, हे मुलींनी खऱ्या बाळाला हात लावायच्या आधी या सात जणांवर शिकायचं, अशी पद्धत होती.

नाहीबाई स्वतः इथे शिकायलाच आल्या होत्या. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातून चार नंबर फरशीवर पडला, काखेतली शिवण उसवली आणि वर्गभर भुसा झाला. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या हातात सुई-दोरा दिला आणि सांगितलं, “तू फाडलंस ना? मग तूच शीव. रडायचं ते शिवता शिवता रड.” शिवण इतकी बेमालूम झाली की बाईंना ती शोधावी लागली. पुढे प्रसूती बघताना त्या तीनदा चक्कर येऊन पडल्या आणि नर्स होणं राहिलं. पण हाताला सुई आहे म्हणून भांडारात मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. तेव्हापासून बाळांची सगळी डागडुजी त्यांच्याकडे. दर उन्हाळ्यात एकेकाला उसवायचं, भुसा वाळवायचा, कापूस पिंजायचा, झिजलेल्या जागी आतून ठिगळ लावायचं. चेहऱ्याला मात्र फार हात लावायचा नाही. पोपडा जिथे गेलाय तेवढाच बिंदू भरायचा. “सगळा चेहरा नवा रंगवला तर ते बाळ बदलतं,” असं त्या म्हणायच्या. कुणाला म्हणायच्या कोण जाणे, कारण ऐकायला भांडारात कुणी थांबत नसे.

मग नव्या प्राचार्या आल्या. वय पंचेचाळीस, चाल भरभर, बोलणं त्याहून भरभर. आल्या आल्या त्यांनी पडदे बदलले, पाट्या बदलल्या आणि तिसऱ्या दिवशी नाकाला रुमाल लावून भांडारात शिरल्या.

“ही काय भुतं मांडून ठेवलीत?”

“बाळं आहेत. शिकवायची.”

“घाण आहेत. किती मुलींनी हाताळली असतील, काय काय रोग असतील यांच्यात! जाळून टाका. पुढच्या आठवड्यात प्लॅस्टिकची येताहेत. बटण दाबलं की रडतात.”

“आमच्यात बाळांना रडायची गरज पडत नाही मॅडम. मुलीच रडतात.”

बरोबरचे अधीक्षक फिस्सकन हसले आणि लगेच खोकल्याचा आव आणला. प्राचार्यांनी ते हसू कायमचं लक्षात ठेवलं. पण अधीक्षकांच्या नावावर नाही, नाहीबाईंच्या.

दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम आला. सात कापडी बाहुल्या, निरुपयोगी, भांडारपालांनी स्वतःसमक्ष जाळून नष्ट कराव्यात आणि तसं सहीनिशी कळवावं. नाहीबाईंनी शाळेच्या मागच्या अंगणात दोन फाटक्या गाद्यांचा कापूस पेटवला. धूर प्राचार्यांच्या खिडकीपर्यंत गेला. मग त्यांनी कागदावर ‘माझ्यासमक्ष जाळून नष्ट केल्या’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही ठोकली. एकतीस वर्षांतली ती त्यांची पहिली खोटी सही.

रोज दोन याप्रमाणे पिशवीतून बाळं घरी आली. तिसऱ्या दिवशी बसमध्ये पिशवीतून एक पाय बाहेर लोंबत होता आणि शेजारची बाई किंचाळली. नाहीबाईंनी पाय आत ढकलला आणि म्हणाल्या, “तुमचा आहे का? नाही ना? मग ओरडू नका.”

घरात खरा तमाशा झाला तो वहिनींचा. मागच्या खोलीवर वहिनींचा कधीपासून डोळा होता. मुलगा-सून दोन महिन्यांपूर्वीच घरी राहायला आले होते, सुनेला दिवस गेले होते आणि घर अपुरं पडत होतं. त्यात नणंदेनं खोलीचं कारखान्यात रूपांतर केलं. खाटेवर अंगं, खिडकीत भुशाची परात, टेबलावर रंगाच्या नळ्या आणि दारामागे वाळूचं पोतं. सुटीच्या दिवशी नाहीबाई खुर्चीत बसून कापसाचा बोळा जिभेवर ओला करायच्या आणि बाळाच्या गालावरचा मळ गोल गोल पुसायच्या. रंगाला धक्का न लावता मळ काढायला थुंकीसारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं अनुभवानं झालेलं मत होतं.

“शी! वन्सं, अहो, शोभतं का हे?” वहिनी दारातूनच म्हणाल्या.

“मग बघता कशाला? दार ओढून घ्या.”

“माझ्या घराचं दार मला ओढून घ्यायला सांगताय?”

“तुमच्या नाही. दादाच्या.”

दादा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. चाळीस वर्षं त्यांनी असल्या प्रत्येक वेळी पानच उलटलं होतं.

दोन आणि सहा नंबरची अवस्था वाईट होती. दोनचं डोकं धड, पण अंग ओल लागून कुजलेलं. सहाचं अंग शाबूत, पण डोकं उंदरांनी कुरतडलेलं. नाहीबाईंनी दोनची शिवण टाका टाका करून उसवली, तुकड्यांवरून हलक्या हातानं इस्त्री फिरवली आणि प्रत्येक तुकड्याचा कागदावर बेत उतरवून घेतला. कुठे चुणी आहे, कुठे कापड आडवं बेतलंय, सगळं पेन्सिलीनं. त्यावरून नवं अंग बेतलं. सहाच्या डोक्यानं मात्र त्यांना रडवलं. पहिलं डोकं सरस वाळताना चेपलं. दुसऱ्याचं कापड फार ताणलं गेलं आणि नाकच उरलं नाही. तिसऱ्याचा चेहरा रंगवून झाल्यावर लांबून पाहिला तर हुबेहूब शाळेचे अधीक्षक. तोही फेकला. चौथ्याला पंधरा दिवस लागले. ते वाळायला म्हणून अंगणातल्या दोरीवर लटकवलं आणि जोडीला डागडुजी झालेली आणखी तीन डोकीही टांगली.

सकाळी सून दात घासत अंगणात आली आणि किंकाळी फोडून खाली बसली.

वहिनी धावत आल्या. सुनेला आत नेऊन निजवलं, पाणी पाजलं आणि मग कमरेवर हात ठेवून नणंदेसमोर उभ्या राहिल्या. “घरात पोटुशी पोर आहे आणि तुम्ही मुंडकी वाळत घातलीत? दोरीवर? चिमटे लावून?”

“चिमटे कापडाला आहेत. कानाला नाहीत.”

हे उत्तर देताना आपलं चुकतंय हे नाहीबाईंना कळत होतं. सुनेचा पांढराफटक चेहरा त्यांनी पाहिला होता. ‘चुकलं माझं’ एवढं म्हटलं असतं तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. पण ते शब्द तोंडातून काढायची सवयच नव्हती. त्यांनी डोकी काढली, खोलीत नेली आणि दार आतून लावून घेतलं.

इकडे शाळेत प्लॅस्टिकची बाळं रडत होती. मग दोन रडायची थांबेनात आणि तीन रडेनात. पण खरी अडचण वेगळीच होती. त्यांची मान ताठ होती. दंड धरून उचललं तरी डोकं जागच्या जागी. मुली तशाच शिकल्या आणि तशाच प्रसूतीच्या वॉर्डात गेल्या. एका मुलीनं चार तासांचं बाळ दोन्ही काखांत धरून उचललं आणि त्याचं डोकं मागे लवंडलं. वॉर्डाच्या सिस्टर शेजारीच होत्या म्हणून त्यांचा तळवा वेळेत खाली गेला. बाळाला काही झालं नाही. त्या मुलीला मात्र सिस्टरनी अख्ख्या वॉर्डासमोर असं झापलं की ती आठवडाभर जेवली नाही.

सिस्टर तशाच तावातावानं भांडारात आल्या. दोघींचं पटायचं नाही, पण दोघी एकमेकींना ओळखून होत्या.

“ती जुनी कुठायत?”

“जाळली. कागद आहे.”

“कागद मॅडमना दाखवा. मला बाळ द्या.”

नाहीबाईंनी भांडाराचं दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी चार नंबर टॉवेलात गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवला. “वॉर्डाच्या बाहेर दिसला तर मी तुम्हाला ओळखत नाही,” एवढंच म्हणाल्या.

हे असंच चाललंही असतं. पण एके दिवशी दुपारी वहिनी नवी साडी नेसून शाळेत गेल्या आणि थेट प्राचार्यांसमोर बसल्या. त्यांनी फार काही लावालावी केली नाही. “तुमच्या शाळेच्या बाहुल्या आमच्या घरात आहेत. घेऊन जा. माझ्या सुनेला त्रास होतोय,” एवढंच सांगितलं, आणि ते खरंच होतं.

चौकशी बसली. एका टेबलामागे प्राचार्या आणि अधीक्षक, समोर नाहीबाई आणि साक्षीला वॉर्डाच्या सिस्टर.

“ही सही तुमची?” प्राचार्यांनी कागद पुढे सरकवला.

“माझीच.”

“जाळल्या असं लिहिलंय.”

“खोटं लिहिलंय.”

अधीक्षकांचं पेन थांबलं. असं सरळ उत्तर लिहून घ्यायची त्यांना सवय नसावी.

“म्हणजे चोरी केलीत.”

“तुम्ही जाळायला सांगितलेलं मी शिवलं. त्याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा. शब्द तुमच्याकडे भरपूर आहेत.”

“तोंड सांभाळून बोला! सिस्टर, तुम्ही सांगा. त्या चिंध्या निरुपयोगी होत्या की नव्हत्या?”

“निरुपयोगी तुमची प्लॅस्टिकची आहेत मॅडम,” सिस्टर म्हणाल्या. “चार नंबर गेला महिनाभर माझ्या वॉर्डात आहे. माझ्या मुली त्याच्यावर शिकतात. लिहा हेही.”

प्राचार्यांच्या कपाळावरची शीर तटतटली. अधीक्षकांनी ते लिहिलं का नाही, कुणास ठाऊक. निकाल आला तो असा. सक्त ताकीद, निवृत्तीला चार महिने उरले होते तेवढ्यासाठी भांडाराच्या चाव्या जमा, बसायला कार्यालयातली कोपऱ्यातली खुर्ची, आणि बाळं जप्त. शाळेची गाडी घरी आली तेव्हा दार वहिनींनीच उघडलं. शिपायानं सहा बाळं पोत्यात भरली. पोतं जमिनीवरून ओढायला लागला तेव्हा नाहीबाई एवढंच बोलल्या, “उचल. ओढू नको.” चार नंबर वॉर्डातून गेला. सिस्टरनी तो दिला, पण सहीशिवाय दिला नाही.

महिन्याभरात शाळेची तपासणी ठरली. बाहेरून मोठी माणसं येणार होती. शाळेला जुना वारसा असला तर चांगलं दिसतं, असं कुणीतरी प्राचार्यांच्या मनात भरवलं असावं. एका सकाळी नाहीबाई कामावर आल्या तर दर्शनी व्हरांड्यात भांडारातलं जुनं काचेचं औषधांचं कपाट उभं होतं. आत दिवा लावलेला. वर पाटी: ‘आपण जपलेला वारसा’. आणि फळ्यांवर सातही जण बसलेले. ताठ. माना वर, हनुवट्या पुढे, फोटोला बसवल्यासारखे. सजावटवाल्यानं प्रत्येकाच्या मानेतून जाड तार घुसवून पाठीपर्यंत नेली होती आणि मानेमागे काळ्या दोऱ्यानं ढोबळ टाके घातले होते.

नाहीबाईंनी काचेतून सातही माना एकेक करून पाहिल्या. मग त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पुढचे तीन महिने त्या कुणाशीही भांडल्या नाहीत. कार्यालयातल्या लोकांना वाटलं, म्हातारी निवली.

शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला, कारण तो सगळ्यांचाच होतो. व्हरांड्याला लागूनच्या दालनात खुर्च्या मांडल्या. प्राचार्या बोलायला उठल्या. भांडारपालांचे आणि संस्थेचे काही बाबतीत मतभेद झाले, पण त्यांच्या सेवेमुळेच आज हा वारसा आपण जपू शकलो, असं म्हणून त्यांनी व्हरांड्याकडे हात केला. टाळ्या झाल्या. मग त्यांनी नाहीबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

नाहीबाई उठल्या. माइककडे गेल्याच नाहीत. सरळ व्हरांड्यात गेल्या आणि कपाटाचं दार दोन्ही हातांनी धरून वर उचललं. त्या कपाटाची बिजागरी ढिली होती आणि कुलूप असतानाही दार उचलून काढता यायचं. हे एकतीस वर्षं ते कपाट वापरणाऱ्या माणसालाच ठाऊक असणार. दार भिंतीला टेकवलं, फरशीवर बसकण मारली, पर्समधून कात्री काढली आणि एक नंबरला मांडीवर पालथा घातला.

कच. कच. काळे टाके सुटले. तार ओढून बाहेर काढली आणि फरशीवर टाकली. खणखण आवाज झाला. मग दोन. मग तीन. दालनातली माणसं व्हरांड्यात जमली. मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

“काय चाललंय हे? थांबवा यांना!” प्राचार्या ओरडल्या. शिपायानं अधीक्षकांकडे पाहिलं आणि अधीक्षकांनी छताकडे.

“मी पोलिस बोलवीन!”

“बोलवा,” नाहीबाई मान वर न करता म्हणाल्या. पाचवी तार पडली. सहावी. “ते येईतो हे धरा.” आणि त्यांनी सात नंबर, तार काढलेला, सरळ प्राचार्यांच्या अंगावर दिला.

प्राचार्यांनी तो झेलला. डोकं मागे लवंडलं आणि त्यांचा उजवा तळवा आपोआप त्याच्याखाली गेला, बोटं फाकवून, अंगठा कानामागे. कुणी तरी कधी तरी त्यांनाही हे शिकवलेलं होतं. व्हरांड्यातल्या प्रत्येक मुलीनं ते पाहिलं.

“गेला ना हात?” नाहीबाई म्हणाल्या. “तार होती तोवर गेला असता का?”

प्राचार्या लालबुंद झाल्या. सात नंबर त्यांनी जवळच्या खुर्चीवर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आणि दाराकडे बोट केलं. “बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता. पुन्हा या आवारात पाऊल ठेवलंत तर बघा.”

“नाही ठेवत,” असं म्हणून नाहीबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. वेळ लागला. कुणी हात द्यायला पुढे झालं नाही आणि दिला असता तरी त्यांनी घेतला नसता. निरोपाची शाल खुर्चीवरच राहिली.

याची किंमत त्यांनी मोजली. निवृत्तीचे कागद दीड वर्ष या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. बाळं कपाटातच राहिली. आता ती बसेनात, म्हणून फळ्यांवर आडवी ठेवली, एवढाच काय तो फरक. घरी वहिनींनी स्पष्टच सांगितलं की बाळंतपण जवळ आलंय, खोली हवी. नाहीबाईंनी दादांकडे पाहिलं. दादांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. त्याच आठवड्यात त्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायला गेल्या. बरोबर कपड्यांची बॅग आणि कागदी बेतांची गुंडाळी. शिलाईचं मशीन मागेच राहिलं. बेत कुणाला जप्त करायचं सुचलं नव्हतं.

वॉर्डाच्या सिस्टरनी नवी बाळं मागितली. सरकारी नाही, स्वतःच्या वॉर्डासाठी, स्वतःच्या जबाबदारीवर. पहिली दोन चक्क फसली. डोकं हलकं झालं आणि हलकं डोकं मागे पडतच नाही. सिस्टरनी ती दोन्ही परत आणून टेबलावर टाकली. “ही उशा म्हणून ठीक आहेत,” असं म्हणून जिना उतरल्या. नाहीबाईंनी सिस्टरच्या नावानं दोन दिवस बोटं मोडली आणि तिसऱ्या दिवशी डोक्याच्या मागच्या बाजूला वाळूची छोटी पुरचुंडी शिवून पाहिली. तिसरं बाळ सिस्टरनी उचललं, एकदा हात काढून घेतला, डोकं पडू दिलं आणि सरळ पिशवीत घातलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोन दवाखान्यांतून विचारणा आली. शनिवारी दुपारी वॉर्डाच्या मुली चार-चार जणी जिना चढून यायला लागल्या. नाहीबाई त्यांना बसायला सांगत नसत. “पडलं. पुन्हा. अगं, परात आहे का ती? पुन्हा,” असं चालायचं आणि मुली खाली उतरताना त्यांची नक्कल करायच्या. वरपर्यंत ऐकू यायचं.

दादांच्या नातवाच्या जन्माची बातमी त्यांना दुकानवाल्याकडून कळली. बोलावणं आलं नाही. त्याही गेल्या नाहीत.

तीनेक महिन्यांनी एका सकाळी दादा धापा टाकत जिना चढून आले. दोन्ही हातांत त्यांचं शिलाईचं मशीन. ते त्यांनी दाराशी ठेवलं आणि घाम पुसत तिथेच उभे राहिले.

“तुझी वहिनी म्हणाली, देऊन टाक. जागा अडते,” दादा म्हणाले.

“बस की.”

“नको. उन्ह वाढतंय.” पण ते गेले नाहीत. टेबलावर अर्धवट रंगवलेलं डोकं होतं, त्याच्याकडे बघत राहिले. “पोरगं छान आहे,” शेवटी म्हणाले. “ती त्याला कुणाला धरू देत नाही. मान सांभाळा, मान सांभाळा, म्हणून सगळ्यांवर खेकसते.”

नाहीबाईंनी मशीनचं चाक हातानं फिरवून पाहिलं. तेल नव्हतं. त्या गेल्यापासून कुणी हात लावलेला दिसत नव्हता.

“मशीन आलं,” त्या म्हणाल्या. “त्याचं टेबल कुठाय? सांग तिला, टेबल माझं आहे.”

दादा मान डोलावून खाली गेले. पुढच्या रविवारी हातगाडीवरून टेबल आलं. ड्रॉवर मात्र वहिनींनी ठेवून घेतला होता.